पेनिसिलिनच्या स्फटिकाचा निवाडा
(संत तुकाराम नगर येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या या वस्तीच्या शेजारीच, पिंपरीस, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या औषधाचे नाव घरोघरी परिचित आहे. त्याच्या रेणूची घडण कशी उलगडली, ती हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

रेणू तसा लहानच. बेंझिलपेनिसिलिनमध्ये अणू अवघे ४१. कोणते अणू किती, हे रसायनशास्त्रज्ञांनी निश्चित केले होते. ते एकमेकांस कसे जोडले आहेत, यावर वाद माजला. १९४३ साली ऑक्सफर्डच्या अब्राहम व चेन यांनी त्यात चार अणूंचे कडे असावे असे सुचविले. असे कडे म्हणजे बळेच वाकविलेली वेताची छडी! सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने निराळीच रचना उचलून धरली.

निवाडा स्फटिकाने करावयाचा होता. खडीसाखरेच्या खड्यात रेणू जसे ओळीने, थरावर थर मांडलेले असतात, तसेच येथेही असतात. त्यातून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपका गडद की फिकट, एवढे फिल्म सांगते. किरणांच्या लाटा कोणत्या टप्प्यावर होत्या, हे ती सांगत नाही. खरी मेख तेथेच आहे. डोरोथी हॉजकिन, बार्बरा लो व त्यांचे सहकारी यांनी पेनिसिलिनचे सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम क्षार तपासले. शेवटच्या दोहोंचे स्फटिक एकाच ठेवणीचे, परंतु रुबिडियमचा अणू जड. दोन्ही नक्षींतील फरकावरून त्या अणूची जागा सापडली आणि तिच्या आधाराने इतरांचा माग काढता आला. आकडेमोड अफाट, तिच्यासाठी छिद्रपत्रांचे यंत्रही जुंपावे लागले. हॉजकिनबाईंना तर तरुणपणीच संधिवाताने गाठले होते, आणि त्याच हातांनी त्या हे कणभर स्फटिक हाताळीत. त्यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

असो. १९४५ साली उत्तर हाती आले: कडे चार अणूंचेच होते! ते ताणलेले असल्यामुळे सहज उघडते आणि जिवाणूची भित्ती रचणाऱ्या एन्झाइमला घट्ट चिकटून बसते. भित्ती अपुरी राहून जिवाणू मरतो. परंतु हेच कडे जठरातील आम्लातही मोडते, म्हणून बेंझिलपेनिसिलिन सुईनेच टोचावे लागते.