प्रोबेशन संपलं, देणं राहिलं
(ज्येष्ठ मंडळींच्या मासिक सभेतील भाषण)

देवळात कोर्टाची गोष्ट काढतोय, पण संबंधितांची परवानगी आहे.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने एका वृद्ध गृहस्थांच्या बँक कार्डावरून पैसे काढले. गुन्हा कबूल केला. वर्षभराचं प्रोबेशन, बिनपगारी काम आणि नुकसानभरपाई, दरमहा 40 पौंड. वर्ष पार पडलं तेव्हा पोरगा पेढे घेऊन आला. सुटलो म्हणाला.

सुटला नव्हता. इंग्लंड-वेल्समध्ये भरपाईचा हुकूम वेगळा असतो; प्रोबेशनबरोबर तो संपत नाही. पैसे कोर्टात भरायचे, कोर्ट ते पीडिताला पोचवतं. दंड आणि भरपाई दोन्ही देण्याची ऐपत नसेल, तर भरपाई आधी. आपल्याकडेही 1958च्या प्रोबेशन कायद्यात भरपाईची तरतूद आहेच.

पुढे त्याची नोकरी गेली. हप्ते थांबले, कोर्टाची पाकिटं न उघडता खणात पडू लागली. रिपोर्ट न उघडणारे पेशंट मी चाळीस वर्षं पाहिले. फरक काही नाही. हप्ते चुकवले तर पगारातून किंवा भत्त्यातून कापून घेतात, वसुलीला माणसं येतात, मुद्दाम टाळलं तर तुरुंगसुद्धा. पण परिस्थिती बदलल्याचं कागदपत्रांसह आपण होऊन कळवलं, तर हप्ता कमी करून मागता येतो. आम्ही तेच केलं. हप्ता 10 पौंड झाला.

घरी येऊन हिशेब मांडला. बाकी 900 पौंड, म्हणजे साडेसात वर्षं. त्या गृहस्थांचं वय 82! मुलाला श्वास मिळाला, पण त्यांनी कुठवर वाट बघायची? मी सगळे भरून टाकायला निघालो. आमच्या हिने हात धरला. म्हणाली, "भरा, पण बक्षीस देऊ नका." मग मी कोर्टात पूर्ण रक्कम भरली आणि त्याच्याकडून उसनवारीचा कागद लिहून घेतला. आता तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरतीनंतर मला 10 पौंड देतो. दोनदा चुकला, मी विचारलं, त्याने मान खाली घातली, पुढच्या वेळी 20 आणले.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनाही सांगतो: कोर्टाकडून हप्ता आला तर संकोच करू नका. ते तुमचेच आहेत.

ट्रस्टच्या मदतनिधीतून कुणाची भरपाई भरू नये, असं माझं मत आहे. पण पत्र वाचून दाखवायला, फॉर्म भरायला, कोर्टात सोबत जायला माणसं हवीत. निवृत्त कारकून, शिक्षक, बँकवाले इथे बसलेत. कार्यालयात नाव द्या. आणि कुणाच्या घरी न उघडलेली पाकिटं असतील, तर रविवारी घेऊन या. मी चष्मा घेऊन बसलेला असेन.