सगळ्यांत मागच्याची चाल

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या, शाळा-कॉलेजे सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. ती गर्दी गेली आणि शेजारच्याशी गप्पा मारत घरी जाण्याचे सुखही गेले. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला ते सुख पुन्हा मिळाले, आमच्या भागातल्या सायकल क्लबमध्ये.

क्लब म्हटले की महागड्या सायकली आणि झगमगीत कपडे डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे गिअरच्या सायकली आहेत, तशा साध्याही आहेत. रविवारी पहाटे साडेपाचला राजाराम पुलाजवळ जमायचे, हवा आणि ब्रेक तपासायचे, हेल्मेट घालायचे आणि निघायचे. सर्वांची आवडती वाट पानशेतची. जाऊन-येऊन सुमारे 70 किलोमीटर. खडकवासल्यानंतर उजवीकडे धरणाचे पाणी सोबतीला येते. डोणजे फाट्यावर सिंहगडाचा रस्ता डावीकडे सोडायचा आणि खानापूर, सोनापूर, रुळे अशी गावे मागे टाकत पुढे जायचे. दुपारी याच रस्त्यावर मोटारींची रीघ लागते, म्हणून आम्ही लवकर निघतो.

रस्ता अरुंद, म्हणून एकामागे एक चालायचे. पुढचा हाताने खड्डा दाखवतो, मागचा ‘गाडी आली’ म्हणून ओरडतो. एकाची सायकल पंक्चर झाली की सगळे थांबतात. आणि सर्वांत अनुभवी माणूस पुढे नसतो, शेवटी असतो. कोणी मागे राहत नाही ना, हे पाहणे त्याचे काम.

एका पावसाळ्यात आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतो. पुढच्या रविवारपासून मी येत नाही.’’ वय पन्नाशीचे, नुकत्या मोठ्या आजारातून उठलेल्या. पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर येई आणि त्या दमून जात. कोणी त्यांची समजूत घातली नाही. पुढच्या रविवारी दोन दणकट मुले पुढे झाली आणि त्यांना आपल्या पाठीमागे घेतले. सायकलवाल्याची बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिले तर साधारण पाव हिस्सा तरी श्रम वाचतात. चाल मात्र बाईंनी ठरवायची. त्या दिवशी त्या पानशेतला पोचल्या. मदत झाली, पण उपकार झाल्यासारखे त्यांना वाटले नाही. माणसे टिकवायची ही रीत मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

पानशेतला चहा, कांदाभजी आणि गप्पा. आमच्यात बाहेरगावाहून आलेले संगणक अभियंते आहेत, तसे पेठेत जन्मलेले सत्तरीपुढचे गृहस्थही आहेत. 12 जुलै 1961 रोजी हे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि पुण्यात पूर शिरला. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. नदीकाठची वाहून गेलेली घरे, पुढे कित्येक दिवस पाण्यासाठी झालेले हाल, हे त्यांनी एकदा धरणाकडे बोट दाखवत सांगितले. नळाला पानशेतचे पाणी येते एवढेच ठाऊक असलेली मुले चहा विसरून ऐकत होती. मोटारीतून आलो असतो तर ही माणसे एकमेकांशेजारी बसलीच नसती.

सायकलीने वजन उतरते, गुडघे मोकळे होतात, हे डॉक्टर सांगतातच. मी एवढेच सांगेन की, घरात धूळ खात पडलेली सायकल असेल तर ती दुरुस्त करून घ्या. पहिल्याच दिवशी पानशेत नको, दहा किलोमीटर पुरेत. पण एकटे जाऊ नका. जवळपासचा क्लब शोधा आणि पाहा, तिथे सगळ्यांत मागे कोण असतो आणि त्याच्यासाठी कोण थांबतो. कोणी थांबत असेल तर क्लब चांगला आहे असे समजा.