बिबट्याच्या पिलांची शुश्रूषा

जुन्नरजवळ माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा-केंद्र आहे. तेथें जनावरांची देखभाल करणाऱ्या सेवकांस व पशुवैद्याच्या मदतनिसांस प्राण्यांवर माया तर करावी लागतेच; पण ती आवरावीहि लागते.

त्या भागांत बिबट्याच्या माद्या उसाच्या फडांत पिलें घालतात. तोडणी सुरू झाली कीं तीं पाचटांत सांपडतात. आईनें टाकलीं, असा लोकांचा समज होतो. वस्तुतः माणसांच्या गलबल्यानें ती बहुधा दूर गेलेली असते. अशा वेळीं पिलांची जखम, अशक्तपणा, अंगावरील गोचिडी हें सर्व तपासून, दिवस मावळतांना तीं पेटींत घालून सांपडल्या जागींच ठेवतात आणि माणसें दूर होतात. अंधारांत मादी येते व एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. ती न आल्यास दुसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रयत्न.

आई परततच नाहीं, तेव्हां मात्र पिलूं हातावर वाढवावें लागतें. दूध पाजल्यावर ओल्या कापसानें त्याचें अंग चोळावयाचें. कारण आईनें चाटल्यावांचून तान्ह्या पिलास लघवीहि होत नाहीं. परंतु असें वाढलेलें पिलूं माणसास भीत नाहीं, आणि माणसास न भिणारा बिबट्या रानांत सोडतां येत नाहीं. त्याचा जन्म पिंजऱ्यांतच सरतो.

तेव्हां श्रोत्यांपैकीं कोणास शेतांत असें पिलूं दिसलें, तर त्यानें तें उचलूं नये. वनखात्यास कळवावें आणि तेथून दूर व्हावें.