डांबर संपल्यावर

जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाताना लिंक रोडवरचे पावसाळी खड्डेच फोर व्हील ड्राइव्हची परीक्षा घेतात, असं कुणी म्हणेल! खरा पेपर मात्र मुरबाडच्या पुढे, डांबर संपल्यावर.

जीपचं आणि मुंबईचं नातं जुनं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी इथेच विलीज जीपची जुळणी सुरू केली. महिंद्रांच्याच आजच्या थारला फार नटवायची गरज नाही. ऑल-टेरेन टायर आणि ओढण्यासाठी भक्कम हूक, बस्स. बुलबारला २०१७ सालीच मनाई झाली आहे आणि मूळ बांधणीला धक्का लावणारे बदल कायद्यात बसत नाहीत.

कच्चा रस्ता लागला की उतरा. वॉल्व्हची टोपी खिशात टाका, नाहीतर ती गवतात हरवतेच. टायरमधली हवा बत्तीस पीएसआयवरून साधारण बावीसवर आणा. फुस्स आवाज होत टायर पसरतो, दगडाला बिलगतो. परतीला डांबर लागताच हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापतो.

उतारावर ब्रेक दाबत बसू नका. फोर व्हील ड्राइव्हच्या लो रेशोत पहिला गिअर टाका, इंजिनच गाडी आवरतं. चिखलात ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा.

ओढा आला तर आधी काठी घेऊन पायी शिरा. २०२०च्या थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. पाणी त्याहून खोल किंवा गढूळ, ओढीचं असेल, तर गाडी मागे वळवा.