दारावरची यादी



आज मी यंत्राविषयी बोलणार आहे, पण खरे म्हणजे दाराविषयी. रत्नागिरीकरांना दाराची गोष्ट नवी नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे मुंबईच्या गिरणीच्या दारात बदली म्हणून उभे राहिले. आत कोणाला घ्यायचे, हे दारावरचा माणूस ठरवी. संगणकाच्या दारावर आता माणसाऐवजी आज्ञावली बसते. तिला फायरवॉल म्हणतात.

आमच्या युनियनच्या कचेरीत एक सर्व्हर आहे. सभासदांची नोंदवही, वर्गणीचा हिशेब त्यात राहतो. जवळचीच एखादी मशीन बिघडली, किंवा तिच्यात व्हायरस शिरला, की ती या सर्व्हरचे दार अखंड ठोठावू लागते. तिला रोखायचे कसे?

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. तो ४८ बिटांचा. लिहिताना १२ चिन्हे होतात. पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. तो भाग आयईईई ही संस्था नेमून देते. उरलेला अर्धा त्या नगाचा. आयपी पत्ता भाडेकरूच्या पत्त्यासारखा, आज एक, उद्या दुसरा. हा क्रमांक मात्र जन्मखुणेसारखा. लिनक्सवरच्या आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्सला सांगता येते, की अमुक क्रमांकाकडून आलेले टपाल न वाचता टाकून दे. नियम वरून खाली क्रमाने तपासले जातात. वर 'सर्वांना येऊ द्या' असे लिहून खाली 'याला अडवा' लिहिले, तर खालची ओळ फुकट जाते. युनियनच्या घटनेतही कलमांचा क्रम पाहावा लागतो, तसेच हे.

पण या उपायाची धाव किती, तेही पाहिले पाहिजे. मुंबईहून आलेल्या पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव कायम असते. दारात उभा असतो तो आपल्या गावचा पोस्टमन. हार्डवेअर क्रमांक म्हणजे त्या पोस्टमनचा बिल्ला. वाटेत राउटर आला, की मूळ क्रमांक गळतो आणि राउटरचा लागतो. म्हणून हा नियम फक्त आपल्याच आळीतल्या मशीनला लागू पडतो. दूरच्या उपद्रव्याला अडवायला जाऊन राउटरचाच क्रमांक यादीत घातलात, तर बाहेरचे सगळेच टपाल बंद!

दुसरी गोष्ट, बिल्ला बदलता येतो. साध्या आज्ञेने मशीन दुसऱ्याचा क्रमांक सांगू शकते. अँड्रॉइडच्या २०१९ च्या आणि आयफोनच्या २०२० च्या आवृत्तीपासून फोन तर वायफायवर आपणहून बनावट क्रमांक सांगतात. ते लबाडीसाठी नव्हे. मालकाचा माग कोणी काढू नये म्हणून.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. जून २०१७ मध्ये न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने ठप्प झाले. ते मर्स्क समूहाकडून चालवले जाई. हा हल्ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून सुटला, आणि मग कंपन्यांच्या आतल्या जाळ्यातून मशीनवरून मशीनवर पसरला. त्या मशीन परक्या नव्हत्या, घरच्याच होत्या. त्यांचे क्रमांक तपासून काय मिळाले असते? बिल्ला खरा होता, हेतू खोटा होता. रोगावर उपाय म्हणजे दुरुस्त्या वेळेवर बसवणे, प्रत्येकाला गरजेपुरताच अधिकार देणे, आणि नोंदींची प्रत अलग जपून ठेवणे.

मग क्रमांकाची यादी टाकाऊ का? नाही. शेजारची बिघडलेली मशीन तात्पुरती गप्प करायला ती उत्तम. पण तिच्यावर विसंबून झोपू नये.

आता कामगार म्हणून एक शब्द. जन्मखुणेवरून संशयित ठरवणे आपल्या देशाने पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. कोणी काय केले हे न विचारता कोण कोणाच्या पोटी जन्मला हे विचारले, की असे होते. यंत्राला क्रमांकावरून अडवले तर यंत्र रडत नाही. पण आज हजेरीचे यंत्र, फोनवरचे ॲप माणसालाही क्रमांक करून टाकते. क्रमांक बंद झाला, की त्या दिवसाची भाकरी बंद.

म्हणून माझे मागणे साधे आहे. दारावर यादी असो. पण नाव कोणी घातले, कशासाठी घातले, कधी काढणार, हे तिच्याशेजारी लिहिलेले असो. चांगला सर्व्हर सांभाळणारा आपल्या प्रत्येक नियमापुढे तारीख आणि कारण टिपून ठेवतो. जे तो यंत्रासाठी करतो, ते माणसासाठी करायला मालकांना जड का जावे? हा प्रश्न तुमच्या हाती सोपवून मी आपली रजा घेतो.