रिकामा खिळा

मी जबलपूरहून बोलतेय, राइट टाउनमधल्या आमच्या घरातून. माझ्या मागे भिंतीवर एक खिळा दिसतोय ना? त्यावर काही टांगलेलं नाही, आणि ते मुद्दाम आहे. आज त्या खिळ्याबद्दलच बोलायचंय.

आमचा मुलगा जपानला नोकरीला लागला. पहिल्या सुट्टीत येताना त्याने पहिल्या पगारातून घेतलेलं एक चित्र आणलं. हिरोशिगेचं, कामेइदोची बाग. अगदी पुढ्यात झाडाचं वाकडंतिकडं काळपट खोड, फांद्यांवर पांढरा मोहर, आणि वर लालभडक आकाश. मूळ चित्र १८५७ चं. मुलाने आणलेली प्रत एवढी जुनी नव्हती, पण त्याच पद्धतीने नव्याने लाकूड कोरून हाताने छापलेली होती.

ही पद्धत थोडी सांगते, कारण पुढची सगळी चूक त्यातूनच कळेल. चित्रकार फक्त रेखाटन देतो. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. चेरीच्या लाकडावर ठसे कोरतात, आणि साधारण प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ठशाच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांत कागद अडकवला की दरवेळी तो नेमका त्याच जागी बसतो. रंग पाण्यातले. वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीमागून घासायचा. त्यामुळे रंग कागदावर बसत नाही, कागदात मुरतो. आकाश वरून खाली फिकट होत जातं ना, तेही छापणाऱ्याच्या हाताचं काम. लाकडावरचा रंग तो दर प्रतीला नव्याने पुसून पातळ करतो. हाताने छापलेलं चित्र ओळखायचं तर उलटं करून बघा. मागून रंग उमटलेला दिसतो.

आमच्या चित्राची पाठ आता कुणालाच दिसणार नाही. मी ते एका फ्रेमवाल्याकडे टाकलं. त्याने चित्राच्या चारी बाजूंचा पांढरा कागद कापला, चित्र हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवलं आणि काच थेट चित्राला टेकवून फ्रेम ठोकली. वाईट हेतूने नाही हो. देवांचे फोटो तो असेच करतो, आणि मीही काही सांगितलं नव्हतं. घरी आणून मी ते टांगलं दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोर. आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत आमचा कूलर.

जबलपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर नागपूरचं आठवा. वरून कूलरची ओली हवा, मग चार महिने पाऊस. तिसऱ्या वर्षी मुलगा आला तेव्हा आकाश विटकरी झालं होतं आणि काचेच्या आत मोहराबरोबर बुरशीचेही ठिपके फुलले होते. तो बघत उभा राहिला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मला वाटतं, मूळ दोष आपल्या सवयीत आहे. आपल्या घरांत चित्रं आली ती राजा रवि वर्म्यांच्या छापखान्यातून. तो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. ती लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं दगडावरून यंत्राने छापलेली, तेलकट रंगांची. माझ्या आजीकडची लक्ष्मी छताजवळ पुढे झुकवून टांगलेली होती आणि घर विकेपर्यंत तिथेच होती. आपल्याकडे चित्र लावलं की लावलं. जपानी घरात भिंतीतल्या कोनाड्यात ऋतूप्रमाणे एखादंच चित्र लावायचं, मग गुंडाळून ठेवायचं, अशी जुनी रीत. ठशाची चित्रं तर मुळात हातात घेऊन बघायची. एका वेळी एकच, आणि थोडे दिवस.

तेव्हा आता मी काय करते ते सांगते. चित्र चिकटवत नाही. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांना तांदळाची खळ लावून वरच्या कडेला अडकवते. मागे-पुढे आम्लविरहित पुठ्ठा. काच आणि चित्र यांत पुठ्ठ्याच्या जाडीएवढं अंतर. जागा आतल्या भिंतीवर, जिथे ऊन येत नाही आणि ओल नाही. उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी, कारण चित्र जेमतेम पंचवीस बाय सदतीस सेंटीमीटरचं असतं. लांबून त्यातलं काही कळत नाही.

आणि कडा कापू देऊ नका. हिरोशी योशिदा नावाचे चित्रकार १९३० च्या अखेरीस भारतात आले होते. परत जाऊन त्यांनी ताजमहाल केला, अजिंठा केला, आमच्या मध्य प्रदेशातलं सांचीचं तोरणही केलं. मराठी घरात जपानी चित्र परकं वाटेल अशी शंका असेल तर त्यांची चित्रं बघा. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर ते 'जिझुरी' असा शिक्का मारत, आणि तो असतो चित्राबाहेरच्या कोऱ्या कडेवर. आमच्या फ्रेमवाल्याने पहिल्यांदा तोच उडवला असता.

यंदा मुलाने दुसरं चित्र आणलं. हिरोशिगेचंच, पुलावर अचानक आलेली पावसाची सर, छत्र्या-टोप्या सावरत पळणारी माणसं. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये ही बाग आणि हा पूल, दोन्ही तैलरंगात उतरवले होते. हे मात्र मुलाने माझ्या हातात न देता आधी फ्रेम कुठे करणार ते विचारलं.

आमच्याकडे सुरक्षित हवा दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत. त्यामुळे हा पाऊस आम्ही थंडीत लावतो. सध्या श्रावण आहे, चित्र कपाटात आहे. कुणी आलं तर हात धुवून, पुसून जेवणाच्या टेबलावर उघडतो. पाठही दाखवतो.