उरलेल्या वेळेतली मराठी



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. संगणकावर मराठीचं काम करणाऱ्यांच्या मेळाव्यात अध्यक्षांनी तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलावं, अशी अपेक्षा असते. मला मात्र आज तुमच्या वेळेबद्दल बोलायचं आहे.

या सभागृहातल्या जवळजवळ कोणाचंही पोट या कामावर चालत नाही. कोणी बँकेत आहे, कोणी महाविद्यालयात शिकवतं, कोणाचं औषधांचं दुकान आहे, कोणी घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करता करता हे करतं. डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर एक पान तपासून होतं. रात्री ओटा आवरल्यावर आणखी एक. रविवारी कुठल्यातरी शाळेत कार्यशाळा असते, म्हणून घरचा बेत पुढच्या आठवड्यावर जातो. पडद्यावर आपण जी मराठी वाचतो, तिच्यातला फार मोठा भाग अशा उरलेल्या वेळेत घडलेला आहे. हे आपण आपल्याशीसुद्धा पुरेसं मोठ्यानं बोलत नाही.

मराठीत ज्ञान एका जागी आणण्याचे याआधी दोन मोठे उद्योग झाले. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मंडळी काढली, भागभांडवल उभं केलं, वर्गणीदार मिळवले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. त्यात त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली. दुसरा उद्योग राज्याच्या पाठबळावर झाला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली विद्वानांची फळी बसली आणि १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड आला. मग १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि तिसरी वाट उघडली. या वाटेवर भागधारक नाहीत, पगारी संपादक मंडळ नाही. इथलं सगळं भांडवल म्हणजे नोकरी-संसारातून माणसांनी काढलेला वेळ. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त लोक आहेत आणि नियमितपणे लिहिणारे, तपासणारे हात मात्र मोजके. म्हणून या मोजक्या हातांचा वेळ वाया जाऊ न देणं, हा मला आपल्यापुढचा पहिला प्रश्न वाटतो.

हा वेळ जातो कशात, ते बाहेरच्यांना कळावं म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. १८८३ साली लिहून झालेलं पुस्तक. त्याच्यासारखं जुनं पुस्तक विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंग्रहावर येतं तेव्हा आधी पानांची छायाचित्रं चढतात. मग यंत्र त्या चित्रांवरून अक्षरं ओळखतं. ओळखताना ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतात, पानावरचा डाग विरामचिन्ह होऊन बसतो. अशा पानावर लाल खूण असते. कोणीतरी मूळ पान शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द जुळवतं, तेव्हा ती पिवळी होते. पिवळीची हिरवी व्हायला मात्र दुसरं माणूस लागतं. पहिल्यानं कितीही काटेकोर काम केलं असलं, तरी स्वतःच्या पानाला हिरवी खूण त्याला देता येत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. एकट्याच्या हुशारीवर इथे पान पुरं होत नाही.

तपासणाऱ्याला आणखी एक पथ्य सांभाळावं लागतं. जुन्या छपाईत ‘ह्मणून’ असतं, ‘आह्मी’ असतं. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली ते लगेच बदलायला निघते. आपण ते तसंच ठेवायचं, कारण आपल्याला १९६२ नंतरच्या नियमांतलं पुस्तक घडवायचं नसून त्या काळचं पुस्तक जसंच्या तसं वाचकाच्या हाती द्यायचं आहे.

याच पुस्तकाच्या नावात आपल्या लिपीची एक जुनी अडचण बसलेली आहे. ‘शेतकऱ्या’मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सामायिक अक्षरसंकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. एका तऱ्हेनं शोधलं, तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं सापडेलच असं नाही. मजकूर इकडून तिकडे नेताना ती अदृश्य खूण गळली, की ‘शेतकर्याचा’ असं भलतंच काही उमटतं, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. हिंदीला ही अडचण नाही, त्यामुळे देवनागरीची सोय केली म्हणणाऱ्या अनेक उत्पादनांत ती कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर ‘बँक’ नीट लिहिता येत होती, ‘ॲडमिशन’साठी जोडाजोड करावी लागत होती. हे कोणीतरी पाहिलं, मांडलं, पाठपुरावा केला. असं बारीक काम करणाऱ्यांचं नाव सत्कारांच्या यादीत येत नाही, म्हणून ते या व्यासपीठावरून आदरानं घ्यायला हवं.

आता संस्थांविषयी. गेल्या शतकाच्या अखेरीस आपली मासिकं, दिवाळी अंक, स्मरणिका, शोधनिबंध संगणकावर जुळवले गेले ते निरनिराळ्या खाजगी फॉन्टांमध्ये. त्या फॉन्टांच्या मागे रोमन अक्षरांचे संकेत होते. फॉन्ट काढला, की खाली नुसती निरर्थक अक्षरं उरतात. तो सगळा मजकूर आज कपाटांतल्या सीडींवर पडून आहे, जुळवणाऱ्याचं दुकान बंद झालं आहे, जुळणीचं पेजमेकरही इतिहासजमा झालं आहे. तो युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकं उपलब्ध आहेत. संस्थांनी सीडी द्यायची आहे आणि परवानगीचं एक पत्र. माझ्या अनुभवात सीडी मिळते, पत्रावर सही करायला कोणी धजत नाही. कोणीतरी आपलं काहीतरी नेईल, ही भीती आपल्या वाङ्मयीन संस्थांनी सोडली पाहिजे.

कायदाही समजून घेऊ. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन त्याच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षांनी सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून आपली सगळ्यांची झाली. कवी मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीतलं लेखन २०१७ च्या आरंभी खुलं झालं. दर १ जानेवारीला मराठीला असा वारसा मिळतो आणि दरवर्षी तो दिवस आपण नव्या दिनदर्शिका वाटण्यात घालवतो. कोणते लेखक येत्या जानेवारीत खुले होणार, त्यांची कोणती पुस्तकं कोणत्या ग्रंथालयात आहेत, याची यादी आदल्या दिवाळीपर्यंत तयार असली पाहिजे. हे काम ग्रंथपालांनी अंगावर घ्यावं.

ज्यांना पान तपासण्याएवढी सलग अर्धी घटका मिळत नाही, त्यांच्यासाठीही कामं आहेत. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर पाच-सहा वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. यंत्रं ऐकायला शिकतात ती अशा आवाजांवरून. तिथे पुण्या-मुंबईचेच आवाज गेले, तर वऱ्हाडातल्या आजीचं बोलणं यंत्राला परकं राहील. मालवणातून, चंद्रपुरातून, बेळगावातून आवाज यायला हवेत.

नकाशाचंही तेच. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते रोज तिथे जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. अशा वेळी नकाशा हाताशी लागतो, पण सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्या-पाड्यांची नीट नोंद आणि त्यांची खरी मराठी नावं खुल्या नकाशांवर अजून नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपवर ती घालणं आठवी-नववीच्या मुलांना सहज जमतं. त्यासाठी एक शिक्षक पाहिजे, आणि शिक्षकांच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. त्यांच्यासारखी कळकळ असलेले शिक्षक मला तालुक्या-तालुक्यात भेटतात.

एक कठोर गोष्टही बोलायला हवी. नवा माणूस मोठ्या धीरानं विकिपीडियावर पहिला लेख लिहितो. तासाभरात त्यावर ‘काढून टाका’ची पाटी लागते, खाली नियमांची जंत्री. तो माणूस पुन्हा येत नाही. आपल्यातल्या जुन्याजाणत्यांची गुणवत्तेची काळजी खरी आहे, मला ती मान्य आहे. पण संदर्भ कसा द्यायचा हे दोन ओळींत आपुलकीनं सांगणं, ही त्याच गुणवत्तेची कामगिरी आहे. बायकांच्या बाबतीत हे दुपटीनं खरं. त्यांचा उरलेला वेळ मुळातच तुटपुंजा असतो. रविवारी दिवसभराची कार्यशाळा ठेवून त्यांना या म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणणं. दुपारी दोन ते चार, गावातच, मुलांना सोबत आणायची मुभा, असं ठेवून पाहा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामागून निधी येईल, अध्यासनं येतील. शासनाकडे माझी मागणी एकच आहे. सार्वजनिक पैशातून जो मराठी मजकूर, कोश, फॉन्ट वा ध्वनिमुद्रण तयार होईल, ते खुल्या परवान्यानं आणि युनिकोडमध्येच प्रसिद्ध व्हावं. ही अट अनुदानाच्या पत्रातच लिहिलेली असावी.

आणि तुमच्याकडे एक विनंती. आपापल्या गावी परतलात, की या महिन्यात तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. साठ वर्षांपूर्वी किंवा त्याआधी निवर्तलेल्या लेखकांची, पुन्हा न छापली गेलेली पुस्तकं तिथे कोणती आहेत, ते ग्रंथपालांना विचारून लिहून घ्या. दहा नावं मिळोत वा दोन, ती यादी संमेलनाच्या कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या १ जानेवारीचं काम तिच्यावरूनच ठरवायचं आहे.